मरळीसाठी पहिले मोठे ल्युअर: आधी पाणी, मग रॉड, शेवटी रंग

नाशिकजवळच्या गंगापूर, मुकणे, दारणा किंवा वालदेवी धरणाच्या फुगवट्यावर रबरी बेडूक फेकून मरळ धरणाऱ्या हौशी मासेमाराला केव्हा ना केव्हा मोठ्या ल्युअरचा, म्हणजे माशासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम आमिषाचा, मोह पडतोच. वीतभर लांबीचे, सांध्यातून वळणारे, खवल्यांसकट हुबेहूब रंगवलेले ते आमिष मोबाइलवरच्या व्हिडिओत अमेरिकेतल्या बास माशाला खोलातून वर खेचून आणते आणि आपल्या बॉक्समधले बेडूक अचानक क्षुल्लक वाटू लागतात. मग खरेदी होते, आणि ती बहुतेक वेळा रंग, लांबी, वजन व शेवटी रॉड या क्रमाने होते. हा क्रम नेमका उलटा असायला हवा. आपल्या पाण्यात मोठा मासा काय खातो, हे आधी पाहावे. हातातला रॉड किती वजन फेकू शकतो, हे त्यानंतर तपासावे. ल्युअरचा प्रकार या दोन उत्तरांवरून ठरवावा आणि रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

ही आमिषे मोठी का झाली

मोठ्या ल्युअरचे बहुतेक शास्त्र लार्जमाउथ बास या उत्तर अमेरिकी माशाभोवती घडले आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातील कास्टेइकसारख्या जलाशयांत थंडीच्या दिवसांत रेनबो ट्राउट सोडले जातात आणि तिथले बास त्या ट्राउटवर पोसले जाऊन अवाढव्य होतात. १९९१ मध्ये बॉब क्रुपी यांनी कास्टेइकमध्ये २२ पौंडांपेक्षा किंचित अधिक वजनाचा, म्हणजे जवळजवळ १० किलोंचा बास धरला होता. अशा माशांना त्यांचा रोजचा घास दाखवायचा, तर आमिषही ट्राउटच्या मापाचेच हवे. आठ इंची, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरची ट्राउटच्या आकाराची रबरी ल्युअर तिथे रुजली ती या कारणाने. जपानच्या बिवा सरोवराची गोष्ट वेगळी आहे. तिथे २००९ मध्ये मनाबू कुरिता यांनी १०.१२ किलोंचा बास धरला आणि जॉर्ज पेरी यांच्या १९३२ पासूनच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. तो मासा जिवंत ब्लूगिलच्या आमिषाला लागला होता, आणि ब्लूगिल हा ट्राउटसारखा लांबट नसून चपटा व उभ्या अंगाचा मासा आहे. दोन्ही ठिकाणी बास तोच असला तरी त्याचे खाद्य त्या त्या पाण्यातले होते, आणि नाशिकमध्ये बसून ल्युअर निवडणाऱ्याने या उदाहरणांतून घ्यायची गोष्ट एवढीच आहे.

(बासच इथे आणून सोडला तर काय बिघडेल, असा प्रश्न अधूनमधून कुणीतरी विचारतो. जपानमध्ये हा मासा १९२५ मध्ये आशी सरोवरात सोडला गेला, आणि २००५ मध्ये त्याच देशाला त्याचा समावेश उपद्रवी परक्या प्रजातींच्या कायद्यात करावा लागला. त्यामुळे हा विषय इथेच सोडलेला बरा.)

पहिली पायरी: पाणी वाचणे आणि परवानगी घेणे

आपल्या धरणांत मोठ्या ल्युअरवर येऊ शकणारे शिकारी मासे मोजकेच आहेत. मरळ ही त्यांतली मुख्य, आणि खोल पाण्यात क्वचित शिवडा. कटला, रोहू, मृगळ यांच्यासाठी हा खटाटोप अजिबात नाही. मरळीचे खाद्य पाहू गेल्यास बेडकांखेरीज दोन गोष्टी ठळकपणे दिसतात: एक म्हणजे आपोआप बोकाळलेली चिलापी आणि दुसरी म्हणजे जलाशयात सोडलेली कार्प माशांची (कटला, रोहू, मृगळ यांची) बोटभर पिल्ले, म्हणजे बोटुकली. चिलापी ब्लूगिलसारखीच उभ्या अंगाची असते, तर बोटुकली लांबट आणि चंदेरी असते. शिकारी मासा घास गिळू शकेल की नाही, हे घासाच्या लांबीपेक्षा त्याच्या उंचीवर, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतच्या अंतरावर अधिक अवलंबून असते. म्हणून १५ सेंटिमीटरचे निमुळते ल्युअर दोन किलोंच्या मरळीला सहज पेलते आणि तेवढ्याच लांबीचे चिलापीच्या आकाराचे ल्युअर तिला अवजड ठरू शकते. पहिल्या खरेदीत निमुळत्या अंगाचे १३ ते १५ सेंटिमीटरचे ल्युअर घ्यावे आणि उभ्या अंगाचे हवेच असेल तर १० ते १२ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये.

त्यानंतर काठावर उभे राहून नुसते पाहण्यात एक सकाळ घालवावी. पाण्याखाली बुडालेल्या बाभळींचे खुंट कुठे आहेत, गवत किती खोलीपर्यंत उतरले आहे, हात कोपरापर्यंत पाण्यात घातला तर बोटे दिसतात की नाही, याची नोंद करावी, कारण प्रकार आणि रंग दोन्ही यावरून ठरणार आहेत.

जलाशयांतील मासेमारीचे हक्क साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, आणि आपण ज्यांना शिकारीचे खाद्य म्हणतो ती बोटुकली त्या संस्थांनी पैसे मोजून सोडलेली असतात. तेव्हा आधी संस्थेच्या माणसांना भेटून विचारावे. तीच माणसे मरळ कुठे उठते हेही सांगतात. धरणाच्या भिंतीजवळ जाऊ नये. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, त्यामुळे तिथे गळ टाकण्याचा विचारच करू नये. पावसाळ्यात विसर्ग सुरू असताना गोदावरीच्या पात्रात उतरू नये. नाशिकला गोदावरीच्या पुराचे माप मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्याची बातमी आली की रॉड घरीच ठेवावा.

दुसरी पायरी: रॉडवरचे बारीक अक्षर

मुठीच्या जरा वर रॉडवर ल्युअरच्या वजनाची मर्यादा छापलेली असते. ती ग्रॅममध्ये असेल तर ठीक. औंसमध्ये असेल तर एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम असा हिशेब करावा. मरळीसाठी आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या मीडियम-हेवी (मध्यमाहून जरा भक्कम) रॉडची वरची मर्यादा एक ते दीड औंसाच्या, म्हणजे २८ ते ४२ ग्रॅमच्या आसपास असते. रबरी बेडूक १० ते २० ग्रॅमचा असल्यामुळे या मर्यादेकडे लक्ष देण्याची वेळच कधी आलेली नसते. मोठ्या ल्युअरपाशी मात्र ती पहिल्याच फेकीत येते.

छापलेल्या मर्यादेच्या तीन चतुर्थांशापर्यंत राहावे, असे माझे मत आहे. ४२ ग्रॅमच्या रॉडने ३० ते ३२ ग्रॅमचे ल्युअर दिवसभर निर्धास्त फेकता येते. ४० ग्रॅमचे फेकता येते, पण फेकताना मनगट आखडते आणि चुकून जोर जास्त लागला तर रॉडचे टोक तरी जाते किंवा दोरा तरी तुटतो. ल्युअरच्या वजनाबाबत वेष्टनावर विश्वास ठेवू नये. स्वस्त नकलांवर छापलेले वजन आणि खरे वजन यांत बराच फरक निघतो, म्हणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ते गळांसकट तोलावे.

या हिशेबानंतर दोनच वाटा उरतात. सध्याचाच रॉड वापरायचा असेल तर ल्युअर ३० ग्रॅमच्या आसपासचे घ्यावे. ५० ग्रॅमच्या पुढचे ल्युअर हवे असेल तर एक ते चार औंसांचा, साडेसात फुटांच्या वरचा, हेवी जातीचा रॉड आधी घ्यावा आणि ल्युअरची खरेदी पुढच्या महिन्यावर ढकलावी. पहिली वाट कमीपणाची आहे असे अजिबात नाही. नाशिकच्या पाण्यात मी तीच सुचवेन.

तिसरी पायरी: प्रकार

बाजारात नावे पुष्कळ असली तरी पहिल्या खरेदीसाठी तीन प्रकार समजले की पुरे.

पहिला प्रकार ग्लाइडबेटचा. यात टणक प्लास्टिकचे किंवा राळेचे दोन तुकडे एकाच सांध्याने जोडलेले असतात. रील सावकाश फिरवले की ल्युअर डावी-उजवीकडे रुंद वळणे घेत येते, आणि रीलचा दांडा पाव फेरा झटकन फिरवून थांबला की ते एका अंगाला सरकून जवळजवळ मागे वळून पाहते. एस-वेव्हर १६८ हे या वर्गातले नवख्यांना सुचवले जाणारे ल्युअर. नावातला आकडा मिलिमीटरमधली लांबी सांगतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला डेप्स कंपनीचे स्लाइड स्विमर २५० आहे, जे २५ सेंटिमीटर लांब आणि १५० ग्रॅमच्या वर वजनाचे असल्याने पहिल्या खरेदीत त्याच्या वाटेला जाऊ नये. ग्लाइडबेटचा खरा गुण असा, की मासा त्याच्या मागे मागे येतो आणि काठावरच्या माणसाला तो दिसतो. मासा कुठे होता, किती मोठा होता आणि कुठून परतला, हे कळते. पण हा गुण नितळ पाण्यातच कामाला येतो. जुलै ते सप्टेंबरच्या गढूळ पाण्यात मागे आलेला मासा दिसणारच नाही, आणि पोटाखाली लोंबणारे दोन ट्रेबल हुक, म्हणजे तीन टोकांचे गळ, बाभळीच्या पहिल्याच खुंटाला अडकतील.

दुसरा प्रकार अनेक सांध्यांच्या स्विमबेटचा. तीन-चार तुकड्यांमुळे तो सापासारखा सळसळत येतो, दिसायला सर्वांत देखणा असतो आणि सरळ ओढण्यापलीकडे त्याच्याकडून फारसे काही करून घेता येत नाही. स्वस्त नकला याच प्रकारात सर्वाधिक मिळतात. तो पहिल्या खरेदीत टाळावा.

तिसरा प्रकार मऊ रबरी अंगाच्या, शेपटीला आडवी चकती असलेल्या पॅडल-टेल स्विमबेटचा. पोटाला शिशाचे वजन असलेल्या एकेरी मोठ्या गळावर तो बसवला की गळाचे टोक पाठीच्या खाचेत दडते आणि ल्युअर गवतातून, जलपर्णीच्या कडेने आणि खुंटांमधून न अडकता येते. शेपटीचे थरथरणे माशाला पाण्याच्या हेलकाव्यातून जाणवते, त्यामुळे पाणी गढूळ असले तरी तो निकामी ठरत नाही. १३ ते १५ सेंटिमीटरचा असा स्विमबेट अंगाच्या जाडीनुसार गळासकट ३० ते ४० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातला ३० ग्रॅमच्या जवळचा निवडला की तो दुसऱ्या पायरीतल्या हिशेबात बसतो. किंमतही आवाक्यातली असते आणि एखादा खुंटाला अर्पण झाला तरी आठवडाभर हळहळत बसावे लागत नाही.

म्हणून नाशिकच्या धरणांवरील पहिले मोठे ल्युअर म्हणून हा पॅडल-टेलच घ्यावा, आणि ग्लाइडबेट पाणी निवळल्यावर, मोकळ्या काठासाठी, दुसरे म्हणून घ्यावे. बासवाल्यांचा सल्ला बहुधा याच्या उलट असतो, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर नितळ पाण्याचे जलाशय असतात.

चौथी पायरी: तरंगणारे की बुडणारे

टणक ल्युअर घेताना वेष्टनावर फ्लोटिंग, स्लो सिंकिंग किंवा फास्ट सिंकिंग यांपैकी काय लिहिले आहे ते पाहावे. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा आहे. तिला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते आणि ती उथळ, गवताळ काठ धरून राहते. तिच्यासाठी तरंगणारे किंवा सावकाश बुडणारे ल्युअर योग्य असते. झपाट्याने बुडणारी ल्युअर खोल पाण्यातल्या बाससाठी आहेत. काही उत्पादक बुडण्याचा वेग आकड्याने सांगतात: हडलस्टन कंपनीच्या रबरी ट्राउटवर १२ असा आकडा असेल तर ते १० सेकंदांत सुमारे १२ फूट खाली जाते. गंगापूरच्या कंबरभर पाण्याच्या काठावर असे ल्युअर चिखलातच जाऊन बसेल. पॅडल-टेलच्या बाबतीत हाच निर्णय गळावरच्या शिशाने होतो, आणि ५ ते ७ ग्रॅम शिसे उथळ काठासाठी पुरते.

रंग

दोन पुरेत. निवळलेल्या पाण्यासाठी पाठ हिरवट-करडी व पोट पांढरे, म्हणजे चिलापी व बोटुकली दोन्हींना जवळचे. गढूळ पाण्यासाठी संपूर्ण काळा किंवा गडद रंग, कारण खालून पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर गडद आकृती स्पष्ट दिसते. रंगवलेले डोळे आणि खवले माशासाठी कमी, गिऱ्हाइकासाठी अधिक असतात.

पाचवी पायरी: घेतल्यावर घरी करायची तपासणी

ग्लाइडबेट असेल तर ते नाकाकडून चिमटीत धरून हलके हलवावे. मागचा तुकडा दोन्ही बाजूंना सारखाच झुलला पाहिजे. एका बाजूला अडखळत असेल तर पाण्यातही ते एकाच अंगाला वळेल. सांध्यात साधारणपणे दोन डोळेदार स्क्रू आणि त्यांतून जाणारी पोलादी पिन असते. स्क्रू प्लास्टिकमध्ये शिरतो तिथे नखाने दाबून पाहावे. तो हलत असेल तर ल्युअर परत करावे, कारण मोठा मासा पहिला झटका तिथेच देतो. मग पाण्याने भरलेल्या टिपाडात ते सोडून पाहावे. सावकाश बुडणारे ल्युअर आडवे राहून किंवा नाक किंचित खाली ठेवून उतरले पाहिजे. शेपटी आधी खाली जात असेल तर पुढच्या गळाच्या जागी एक माप मोठा गळ लावून किंवा छातीखाली शिशाची चिकटपट्टी डकवून तोल साधता येतो.

पॅडल-टेल गळावर बसवणे हे सोपे दिसते, पण सर्व काही त्यावरच अवलंबून असते. गळाच्या डोळ्यापाशी मळसूत्री स्प्रिंग असते. ती ल्युअरच्या नाकाच्या बरोबर मध्यावर टेकवून, ल्युअर स्थिर धरून, स्प्रिंग पूर्ण आत जाईपर्यंत फिरवावी. त्यानंतर गळ ल्युअरशेजारी धरून त्याचा वाक पाठीवर कुठे येतो ते पाहावे, तिथे नखाने खूण करावी आणि पोटाच्या चिरेतून टोक वर घेऊन नेमके त्या खुणेवर बाहेर काढावे. आता समोरून एका डोळ्याने पाहिले असता पाठीची रेघ नाकापासून शेपटीपर्यंत सरळ दिसली पाहिजे. अंग कुठे चिमटले किंवा ताणले गेले असेल तर ल्युअर पाण्यात गरगर फिरते, दोऱ्याला पीळ पडतो आणि शेपटीची थरथर बंद होते. अशा वेळी नवे छिद्र पाडून पुन्हा बसवावे. १३ ते १५ सेंटिमीटरसाठी ६/० ते ७/० मापाचा गळ लागतो.

सहावी पायरी: दोरा आणि फेक

५० ते ६५ पौंडांचा ताण सोसणारा ब्रेड (विणलेला) दोरा आणि पुढे हातभर ४० पौंडांचा मोनोफिलामेंटचा (एकपदरी दोऱ्याचा) तुकडा एवढे पुरे, कारण मरळीच्या दातांवर नुसता ब्रेड घासला जातो. रील बेटकास्टिंगचे, म्हणजे फिरते चाक अंगठ्याने रोखता येणारे, असल्यास उत्तम. ल्युअर दोऱ्याला थेट बांधण्याऐवजी भक्कम स्नॅपने (उघडमीट करता येणाऱ्या तारेच्या कडीने) जोडले तर बदलणे सोपे जाते. पॅलोमार गाठ मारताना दोऱ्याच्या फासातून अख्खे ल्युअर काढावे लागते, म्हणून थेट बांधायचेच असेल तर युनी गाठ बरी.

बेडूक मनगटाच्या झटक्याने फेकला जातो. हे ल्युअर तसे फेकू नये. रॉडच्या टोकापासून दीड फूट दोरा सोडावा, दोन्ही हातांनी मूठ धरावी, रॉड सावकाश मागे न्यावा, ल्युअरच्या वजनाने तो वाकल्याचे जाणवले की एका संथ, लांब हालचालीत पुढे आणावा. अंतरासाठी जोर लावण्याची गरज नसते, ते काम वजनच करते. ल्युअर पाण्यावर आपटण्याच्या क्षणाआधी अंगठ्याने रील रोखावे, नाहीतर पुढचा पाऊण तास गुंता सोडवण्यात जाईल. पहिल्या दिवशी माशाचा विचार बाजूला ठेवून उघड्या काठावर, पायापासून तीन-चार मीटरवर ल्युअर ओढून पाहावे आणि शेपटी कोणत्या वेगाला हलू लागते व कोणत्या वेगाला ल्युअर कलंडते, हे डोळ्यांनी पाहून ठेवावे. त्यांतला सर्वांत कमी वेग, ज्याला शेपटी अजून हलते, तोच मासेमारीचा वेग.

फेक काठाला समांतर, गवताच्या कडेने करावी. गुडघाभर पाण्यात पिल्लांचा लालसर थवा वरखाली होताना दिसला तर त्याखाली मोठी मरळ पहारा देत असते आणि ती जवळ आलेल्या कशावरही तुटून पडते. तिथे फेकू नये. पालक उचलला की ती सगळी पिल्ले इतर माशांच्या पोटात जातात.

ऋतूबाबत एक भेद ध्यानात ठेवावा. कॅलिफोर्नियात मोठी ल्युअर थंडीत चालतात, कारण ट्राउट तेव्हाच सोडले जातात. मरळ मात्र उबेची आहे. निफाडचे द्राक्ष बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात त्या दिवसांत ती सुस्तावलेली असते. फेब्रुवारी अखेरपासून पाऊस लागेपर्यंतची सकाळ-संध्याकाळ तिची.

सातवी पायरी: मासा लागल्यावर

ल्युअरमागे पाण्याला फुगवटी आलेली दिसली किंवा खळबळ उडाली, तरी तेवढ्यावर रॉड उचलू नये. माशाचे वजन हाताला जाणवले की रील दोन फेरे झटपट फिरवून दोरा ताठ करावा आणि मग रॉड एका बाजूला जोरात, लांब ओढावा; जाड एकेरी गळ नाजूक झटक्याने रुतत नाही. मरळ गवतात शिरण्याआधी तिला मोकळ्या पाण्यात आणावे.

काठावर आल्यावर खरा धोका मासेमाराच्या बोटांना असतो. तडफडणारी मरळ आणि लोंबते ट्रेबल हुक यांच्यामध्ये हात घालू नये. रबरी जाळीचे हातजाळे, लांब पक्कड आणि गळ कापण्याचे कटर ही तीन साधने ल्युअरच्या आधी विकत घ्यावीत, आणि गळांच्या टोकांजवळचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट करावेत. मासा सोडायचा असेल तर हात ओले करून, एक हात पोटाखाली देऊन उचलावा. नुसत्या जबड्याला धरून लोंबकळत ठेवू नये. शिवडा लागला तर तो सोडूनच द्यावा, कारण आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो असुरक्षित प्रजातींमध्ये आहे.

घरी परतल्यावर रबरी ल्युअर टणक ल्युअरच्या डब्यात ठेवू नयेत. रबरातील तेलकट द्रव्याने प्लास्टिकचा रंग विरघळतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. एप्रिल-मेमध्ये ती गाडीच्या डिकीतही ठेवू नयेत, कारण उष्णतेने शेपटी एकदा वाकली की ती पोहत नाही. वाकलेली शेपटी गरम पाण्यात क्षणभर बुडवून सरळ केली आणि ल्युअर पालथे न घालता मूळ साच्याच्या वेष्टनात ठेवले, तर ते पुढच्या खेपेस पुन्हा उपयोगी पडते.